दिवाळी अंकातली जाहिरात: वाचकाला न खटकता ती कशी लावावी

नव्या दिवाळी अंकाचं वेष्टण फाडल्यावर वाचक आधी अनुक्रमणिका शोधतो. ती सापडेपर्यंत त्याला दागिने, पतसंस्था, मसाले, प्लॉट, पुन्हा दागिने अशी दहा-बारा गुळगुळीत पानं उलटावी लागली, तर त्याचं मन तिथेच थोडं खट्टू होतं. त्याने दोन-तीनशे रुपये मोजलेले असतात. वर्षभर वाट पाहिलेली असते. आणि घरात पाय ठेवायच्या आधी त्याला बाजारातून फिरवून आणलेलं असतं.

दुसरीकडे, जाहिरातीशिवाय अंक निघत नाही हेही तितकंच खरं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. ती शंभराहून जास्त वर्षं टिकली, त्यात वाचकांइतकाच हात गावोगावच्या दुकानदारांचा आणि कारखानदारांचा आहे. त्यांचे पैसे घ्यायचे आहेत आणि वाचकही राखायचा आहे. हे दोन्ही एकाच वेळी जमतं, पण त्यासाठी जूनपासून काही गोष्टी नेटाने कराव्या लागतात.

आम्ही चार-पाच जण गेली चौदा वर्षं कराडहून एक छोटा अंक काढतो: १२८ पानं, हजार प्रती. यंदा पहिल्यांदा अंक हाती घेणाऱ्या मंडळांसाठी, वाचनालयांसाठी आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आमची पद्धत लिहितो आहे.

आधी हिशेब, मग दरपत्रक

बहुतेक नवे संपादक शेजारच्या अंकाचं दरपत्रक बघून त्यात थोडं कमी-जास्त करतात. तसं करू नका. आपल्याला किती पानं जाहिरात लागणार आहे, हे आपल्याच खर्चातून काढा.

समजण्यासाठी आकडे घेतो. छपाई, कागद, बांधणी ९०,००० रुपये. लेखक आणि चित्रकारांचं मानधन ३०,०००. डीटीपी (संगणकावरची जुळणी आणि मांडणी), टपाल, प्रवास ३०,०००. एकूण १,५०,०००. हजार प्रतींतल्या ६०० खरोखर विकल्या जातील असं धरा (पहिल्या वर्षी याहून जास्त धरू नका) आणि विक्रेत्यांचं कमिशन वजा जाता प्रतीमागे १३० रुपये हाती येतील असं धरा. झाले ७८,०००. तूट ७२,००० रुपयांची. ही तूट म्हणजे तुमचं जाहिरातीचं उद्दिष्ट. त्याच्या वर जे मागाल ते वाचकाच्या पानांतून जाणार आहे, हे लक्षात असू द्या.

मलपृष्ठ १२,००० आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठाच्या आतल्या बाजू प्रत्येकी ८,००० धरल्या तर २८,००० तिथेच जमतात. उरले ४४,०००. आत २० पानं जाहिराती घ्यायच्या ठरवल्या तर पानाला २,२०० पडतात. पण काही पैसे बुडतात. दहा टक्के बुडतील असं मानून दर २,५०० ठेवला की गणित बसतं. अर्ध्या पानाचा दर निम्म्याहून थोडा जास्त ठेवा, १,४०० वगैरे. पाव पान ८००. लहान तुकडे लावायला मेहनत जास्त लागते आणि पानही चिंध्या-चिंध्यांचं दिसतं, म्हणून त्यांना थोडं महाग ठेवणंच बरं.

१२८ पानांत २० म्हणजे साधारण सहा पानांमागे एक. हे प्रमाण आम्ही ठरवून घेतलं आहे आणि आता ते मोडत नाही. एका वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अचानक सात पानं जाहिराती जास्त आल्या. तेव्हा ‘एक कथा काढू या’ असा सूर निघाला. आम्ही आठ पानं वाढवली, सातांत जाहिराती घातल्या, आठव्यात एक जुनं राहिलेलं ललित घेतलं. ती आमची चूक होती. त्या वर्षी तिघा वर्गणीदारांनी वेगवेगळं पत्र लिहून एकच गोष्ट कळवली: यंदा अंक जाड आहे पण वाचायला कमी आहे.

वेळापत्रक

दिवाळी जागा बदलते आणि नवखे तिथेच फसतात. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. म्हणजे तीन आठवड्यांचा फरक. पंचांग उघडा आणि लक्ष्मीपूजनापासून मागे मोजा. अंक बाजारात तीन आठवडे आधी हवा. छापखान्याला किमान तीन आठवडे द्या, कारण त्या दिवसांत प्रत्येक छापखान्यात अंकांची रांग असते. त्याआधी दोन आठवडे जुळणी आणि तपासणी. म्हणजे जाहिरातींचा शेवटचा दिवस लक्ष्मीपूजनाच्या आठ आठवडे आधी. तो गणपतीच्या आसपास येतो, आणि गणपतीत दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. म्हणून फेऱ्या आषाढात सुरू करा.

शेवटचा दिवस दरपत्रकावर ठळक छापा. त्यानंतर आलेली जाहिरात घेऊ नका, कारण उशिरा आलेली जाहिरात हमखास चुकीच्या जागी घुसवली जाते. अंकात जे काही खटकतं त्यातलं निम्मं शेवटच्या आठवड्यात झालेलं असतं.

कोणती जाहिरात घ्यायची नाही

हे जाहिरात गोळा करायला निघण्याआधी ठरवा आणि कागदावर लिहून सगळ्यांना द्या. दुकानात बसून, समोर चहा ठेवलेला असताना, ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं. ‘आमच्या मंडळाचा नियम आहे’ असं म्हणता आलं की सोपं होतं.

काही गोष्टी कायद्यानेच बंद आहेत. मधुमेह, कर्करोग, कोड, लठ्ठपणा ‘हमखास बरा करू’ किंवा ‘उंची वाढवू’ असं सांगणारी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय कायद्यात बसत नाही, आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्यात अडकतो. चमत्काराने अडचणी दूर करणारे बाबा आणि मांत्रिक यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तंबाखूजन्य पदार्थांची जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद. गर्भलिंगनिदानाचा उल्लेख असलेलं काहीही १९९४ च्या कायद्याने बंद. ‘तीन वर्षांत दामदुप्पट’ छापाच्या, कुठलीही परवानगी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ पासून केंद्राचा कायदा आहे. पतसंस्थेची जाहिरात आली तर नोंदणी क्रमांक मागा आणि तो जाहिरातीत छापा.

बिल्डर हे छोट्या गावातले सगळ्यात मोठे जाहिरातदार. ज्या प्रकल्पाला महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते त्याच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही हवा. बिल्डरकडून तयार चित्र येतं त्यात हे बहुधा असतं, पण पाव पानात बसवताना आपला डीटीपीवाला कोड इतका लहान करतो की फोनला तो वाचताच येत नाही. छापलेल्या प्रूफवर (तपासणीच्या प्रतीवर) स्वतः फोन धरून बघा.

वकील मंडळी प्रेमाने जाहिरात द्यायला येतात. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही. आम्ही त्यांच्याकडून वर्गणी घेतो आणि वाचनालयांना त्यांच्या खर्चाने अंक पाठवतो.

राहिल्या राजकीय शुभेच्छांच्या फोटोवाल्या जाहिराती. आम्ही त्या घेतो, सगळ्या पक्षांच्या, एकाच दराने, फक्त आतल्या पानांवर. संपादकीयाच्या आसपास नाही आणि मुखपृष्ठाच्या कोणत्याही बाजूवर नाही. निवडणूक जवळ असेल तर जास्त जपा. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. आचारसंहिता १५ ऑक्टोबरलाच लागली. उमेदवाराची जाहिरात त्याच्या निवडणूक खर्चात धरली जाऊ शकते, म्हणून अशा वर्षी पावती आणि लेखी मागणी दोन्ही नीट ठेवा. आम्ही त्या वर्षी उमेदवारांच्या जाहिराती घेतल्याच नाहीत.

एक जाहिरात मात्र अशी आहे की ती कायद्यात बसूनही वाचकाला सगळ्यात जास्त दुखावते. ती म्हणजे लेखाचं सोंग घेतलेली. ‘एका उद्योजकाची संघर्षकथा’ असा मथळा, अंकातलाच टाइप, शेवटी कंपनीचा फोन नंबर. वाचक तिसऱ्या परिच्छेदापर्यंत मनापासून वाचतो आणि मग त्याला कळतं. त्यानंतर तो अंकातल्या प्रत्येक मुलाखतीकडे संशयाने बघतो, अगदी तुम्ही खपून, चार वेळा प्रवास करून घेतलेल्या मुलाखतीकडेसुद्धा. असा मजकूर घ्यायचाच असेल तर वर स्पष्ट ‘जाहिरात’ असं छापा. ‘विशेष’, ‘उपक्रम’, ‘परिचय’ असले आडपडदे नकोत. टाइप वेगळा ठेवा, भोवती चौकट घाला आणि अनुक्रमणिकेत त्याला जागा देऊ नका. जाहिरात मजकुरापासून वेगळी ओळखू आली पाहिजे, ही भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेचीही अपेक्षा आहे.

दुकानदाराबरोबर बसून जाहिरात लिहा

वाचकाला जाहिरातीचा त्रास होतो असं आपण सरसकट म्हणतो, पण ते पूर्ण खरं नाही. त्याला रिकाम्या जाहिरातीचा त्रास होतो. ‘समस्त ग्राहकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात पणती, खाली दुकानाचं नाव. अशी वीस पानं ओळीने आली की कोण बघणार?

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. भांड्यांचं जुनं दुकान. काका दरवर्षी पाव पान द्यायचे, शुभेच्छांचं. मी म्हटलं, “काका, यंदा शुभेच्छा राहू द्या. लोक तुमच्याकडे काय विचारायला येतात ते सांगा.” ते म्हणाले, “अहो, काय विचारणार? सोऱ्याच्या चकत्या. हरवतात आणि मग सुट्या कुठे मिळत नाहीत. कुकरच्या रिंगा. पितळेच्या भांड्याला कल्हई लावून मिळते का विचारतात.” तेच लिहिलं. सोऱ्याच्या सुट्या चकत्या, सगळ्या मापांच्या कुकरच्या रिंगा, गुरुवारी कल्हई लावून मिळेल, दुपारी एक ते चार बंद. एवढंच. ती जाहिरात लोकांनी वाचली. एका बाईंनी तर ते पान कापून फ्रीजला चिकटवलं होतं.

म्हणून जाहिरात मागायला जाताना दरपत्रकाबरोबर कोरी वही न्या आणि हे विचारा: तुमच्याकडे असं काय मिळतं जे गावात दुसरीकडे मिळत नाही? उघडं कधी, बंद कधी? गाडी लावायला जागा आहे का? वयस्कर माणसाला पायऱ्या चढाव्या लागतात का? याची उत्तरं जाहिरातीत आली की ती माहिती होते, आणि माहितीचा राग कोणालाच येत नाही.

आणखी एक. दिवाळी अंक चार दिवसांत वाचून संपत नाही. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत तो होळीपर्यंत घरोघर फिरत असतो. ‘धनत्रयोदशीपर्यंत वीस टक्के सूट’ ही ओळ फेब्रुवारीत वाचणाऱ्याला शिळी लागते आणि अंकही शिळा करते. दुकानदाराला हे समजावून सांगा. मुदतीची सूट वर्तमानपत्राला, वर्षभर खरी राहील ती ओळ आपल्याला.

नुसत्या नावाच्या शुभेच्छा द्यायच्याच असतील, आणि काही घरांना त्या द्यायच्या असतातच, तर सगळ्या मिळून एका पानावर छोट्या चौकटींत घ्या, अंकाच्या शेवटी. मथळा ‘शुभेच्छुक’. असं पान वाचकाला आपल्या गावच्या माणसांची यादी म्हणून बघावंसं वाटतं.

डमी: इथे सगळा खेळ आहे

आता मुख्य काम. कोणती जाहिरात कोणत्या पानावर, हे संगणकावर ठरवू नका. डमी करा. चार पानी दुमडलेले कोरे कागद एकात एक घालून १२८ पानांची चोपडी बांधा, प्रत्येक पानावर क्रमांक घाला आणि पेन्सिलीने भरा. ही चोपडी हातात घेऊन वाचकासारखी उलटत बसा. स्क्रीनवर जे दिसत नाही ते इथे दोन मिनिटांत दिसतं.

पहिला नियम: अनुक्रमणिका पान ३ वर. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक जाहिरात येते, ती पुरे. पान १ वर अंकाचं नाव आणि तपशील, २ वर संपादक मंडळ, ३ वर अनुक्रमणिका. सुरुवातीची पानं महाग विकली जातात हे मला माहीत आहे. तरी ती विकू नका. वाचकाशी पहिली भेट तिथे होते.

दुसरा नियम सम-विषमाचा, आणि यातच बरीचशी सोय दडलेली आहे. विषम पान नेहमी उजवीकडे येतं. कथा किंवा लेख उजव्या पानावर सुरू झाला की देखणा दिसतो. आता समजा, कथा पान १७ वर सुरू झाली आणि सात पानांची आहे. ती २३ वर संपली. २४ हे डावं पान मोकळं राहिलं, कारण पुढची कथा २५ वर, उजवीकडे सुरू करायची आहे. हे २४ वं पान जाहिरातीचं. कथा संपली आहे, वाचकाने श्वास घेतला आहे, पुढची अजून सुरू व्हायची आहे. गावात शिरताना वेशीवर पार असावा तशी ही जागा आहे. इथे जाहिरात कोणालाही खटकत नाही. कथा आठ पानांची असेल तर ती २४ वर संपेल आणि २५ वर पुढची सुरू होईल. तिथे जाहिरात लागतच नाही, आणि घुसवूही नका.

म्हणजे जाहिरातींची पानं तुमच्या मजकुराच्या लांबीवरून आपोआप ठरतात. विषम पानांचे लेख वीस असले की वीस जागा तयार झाल्या. कमी पडत असतील तर एखाद्या लेखाचं चित्र मोठं करून तो आठाचा नऊ पानांवर न्या.

जाहिरातदार म्हणेल, “आम्हाला उजवं पान पाहिजे.” त्याला डमी दाखवा. सांगा, “तुमचं पान पुढच्या कथेच्या पहिल्या पानासमोर येतंय. मथळा आणि चित्र बघायला वाचक तिथेच थांबतो, त्यामुळे तुमचं पान सगळ्यात जास्त वेळ उघडं राहणार.” हे खरं आहे आणि त्याला ते पटतं.

तिसरा नियम: कथेच्या पोटात जाहिरात नाही. अर्ध्या पानाची असेल तर जिथे लेख अर्ध्या पानावर संपतो त्याच पानाच्या खालच्या भागात, मध्ये एक बारीक रेघ आणि बोटभर मोकळी जागा सोडून. प्रत्येक पानाच्या तळाला एक-एक इंचाची पट्टी विकण्याची कल्पना कोणीतरी दरवर्षी मांडतं. पैसे चांगले मिळतात. पण शंभर पानं खाली काहीतरी हलत असल्यासारखं वाटतं, आणि डोळा स्थिर राहत नाही. ‘पुढील मजकूर पान ११२ वर’ हेही त्याच जातीचं. जाहिरातीला जागा करण्यासाठी कथा तोडून मागे नेली की काही वाचक ती पूर्ण करतच नाहीत.

कवितेच्या पानावर काहीही नको. कवितेभोवतीची मोकळी जागा रिकामी आहे असं समजून डीटीपीवाला तिथे पाव पान बसवू बघतो. ती जागा कवितेची आहे.

चौथी गोष्ट शेजाराची. समोरासमोरची दोन पानं वाचक एकदम बघतो. एका वर्षी आम्ही एका लेखिकेचा आईच्या शेवटच्या आजारावरचा लेख छापला आणि त्याच्यासमोर एका रुग्णालयाची जाहिरात गेली, हसरी माणसं, ‘आपल्या आरोग्याचा विश्वासू साथी’. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पान मोकळं होतं, जाहिरात पानाच्या मापाची होती. लेखिकेने फोनवर एवढंच विचारलं, “तुम्ही अंक उलटून पाहिला होता का?” पाहिला नव्हता. तेव्हापासून डमीत जाहिरातीच्या पानावर फक्त ‘जाहिरात’ असं न लिहिता कोणाची आणि कशाची ते लिहितो, आणि आमच्यातला एक जण फक्त शेजार तपासायला बसतो. शेतकऱ्याच्या कर्जावरच्या कथेसमोर सोनेतारण नको. श्रद्धांजलीच्या लेखासमोर काहीच नको. मुलांच्या विभागात दागिने आणि प्लॉट नकोत. तिथे पुस्तकांचं दुकान, सायकलवाला, चित्रकलेचा वर्ग शोभतो.

रंगीत पानांचं वेगळं आहे. आपल्याकडे बरेच अंक २० बाय ३० इंची कागदाच्या फॉर्मवर छापतात: एका बाजूला आठ, दोन्ही मिळून सोळा पानांचा एक फॉर्म. १२८ पानं म्हणजे आठ फॉर्म. खर्चामुळे त्यातला एखादाच फॉर्म रंगीत आणि आर्ट पेपरवर असतो. रंगीत जाहिराती सगळ्या त्यातच जाणार, म्हणून नवखे संपादक सोळाच्या सोळा पानं जाहिरातींना देतात आणि अंकाच्या मधोमध भिंत उभी राहते. तो फॉर्म निम्मा-निम्मा वाटा. आठ पानं जाहिराती, आठ पानांवर असं काही द्या ज्याला रंग लागतोच: सह्याद्रीतली रानफुलं, एखाद्या चित्रकाराची चित्रं, जुन्या वाड्यांचे फोटो. आमच्याकडे हा फॉर्म मुलं सगळ्यात आधी उघडतात. या आठ रंगीत जाहिराती वरच्या विसांतल्याच आहेत, वेगळ्या नाहीत, हे मोजताना विसरू नका.

अंकाची पीडीएफ परदेशातल्या वाचकांना पाठवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. फोनवर एकेक पान दिसतं, डावं-उजवं राहत नाही. त्यामुळे लागून दोन जाहिराती आल्या तर तिथे त्या चार वाटतात. पीडीएफमध्ये अनुक्रमणिकेवरून थेट लेखावर उडी मारता येईल अशी सोय करून घ्या, बाकी मांडणी तीच चालते.

चित्र आणि अक्षरं

दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवतो आणि म्हणतो, याच्यावरून करा. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जाऊन लहान होतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. छपाईच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, हवेत. रंगीत असेल तर छापखान्याच्या चार रंगांत बदलून घ्या, नाहीतर स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मळका येतो.

मराठी अक्षरांची वेगळी काळजी. दुकानदाराचा मजकूर युनिकोडमध्ये येतो, डीटीपीवाला बरेचदा श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या वेगळ्या फॉन्टांत काम करतो. बदलताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. दुकानाच्या नावातच चूक झाली तर तो माणूस पुन्हा कधी येत नाही.

आणि काळ्या पानांपासून सावध. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं बऱ्याच जणांना भारदस्त वाटतात. पण सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) साध्या, बिनचकाकीच्या मॅपलिथो कागदावर तो काळा पाठीमागे दिसतो. पान २४ च्या पाठीवर कोणतं पान आहे? २३, म्हणजे कथेचा शेवट. वाचक शेवटचा परिच्छेद वाचतो आणि अक्षरांच्या मागून चौकोनी सावली डोकावते. जाहिरातदाराला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा नमुना करून दाखवा. बहुतेक जण मान्य करतात. नाही केलं तर ती जाहिरात आर्ट पेपरवरच्या फॉर्ममध्ये न्या.

सगळ्या जाहिरातींना एकच बारीक चौकट आणि सारखी समासाची जागा दिली तर अंक एका हातचा वाटतो. फुलापानांच्या, मोरांच्या, पणत्यांच्या किनारी काढून टाका.

मंजुरी, पैसे, प्रत

प्रूफ प्रत्येक जाहिरातदाराला दाखवा आणि ‘ठीक आहे’ असं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल. त्यातल्या प्रत्येक फोन नंबरवर स्वतः फोन लावा. हे कंटाळवाणं काम आहे, पण एक आकडा चुकला की हजार प्रतींत चुकतो, आणि भलत्याच घरी वर्षभर फोन येत राहतात.

पैसे निम्मे मागणीबरोबर, निम्मे अंक हातात दिल्यावर. पावती लगेच. एजन्सीमार्फत जाहिरात आली तर त्यांची रिलीज ऑर्डर (जाहिरात छापण्याची लेखी मागणी) घ्या. १५ टक्के कमिशन ते कापतात, तेव्हा दर तसा धरा. मोठ्या कंपन्या पैसे देताना टीडीएस कापतील, त्यासाठी मंडळाच्या नावे पॅन हवा. छापील माध्यमातल्या जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी आहे, पण सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. छोटा अंक या मर्यादेच्या पुष्कळ आत असतो. दरवर्षी काढणार असाल तर अंकाची नोंदणी करून घ्या. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो.

अंक आला की पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक जाहिरातदाराला व्हाउचर कॉपी (जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून द्यायची प्रत) स्वतः नेऊन द्या. कुरिअरने नको. त्यांचं पान उघडून दाखवा आणि मग पुढची कथाही दाखवा: “काका, ही नक्की वाचा, तुमच्या पानासमोरच आहे.”

दिवाळीनंतर तीन महिन्यांनी आणखी एक फेरी मारायची, वाचनालयात. तिथली प्रत एव्हाना पंधरा-वीस घरं फिरून आलेली असते. कुठे कोपरे दुमडलेत, कुठे चहाचा डाग आहे, कुठे पेन्सिलीने खूण आहे ते बघत बसायचं. गेल्या फेब्रुवारीत पान ६४ वरच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या जाहिरातीखाली कोणीतरी निळ्या पेनने लिहिलेलं सापडलं: ‘चांगलं करतात, घरी येतात.’ त्या पानाचा फोटो काढून आम्ही दुरुस्तीवाल्या दादांना दाखवला. त्यांनी तिथेच यंदाच्या अर्ध्या पानाचे पैसे काढून दिले, आणि लक्ष्मीपूजन कधी आहे ते विचारून कॅलेंडरवर खूण केली.